अर्पणाच्या आधी उठणारा बस्त्याव

दर रविवारी सकाळच्या मिस्सेत फादरांचं प्रवचन संपतं, लोक उभ्याने प्रार्थना म्हणतात, गायकमंडळ अर्पणाचं गीत सुरू करतं आणि डावीकडच्या बाकावरचा बस्त्याव उठतो. आधी तो खोकतो. मग छत्री काखेत मारतो. सोबत आणलेली राजेळी केळ्यांची फणी आपल्या जागेवर नीट ठेवतो, उरलेली मिस्सा तिने ऐकायची असल्यासारखी. आणि मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, सरळ चर्चच्या बाहेर पडतो. मिस्सा आटोपते, माणसं घरी जाऊन चहापाव खाऊन मोकळी होतात, तेव्हा कुठे हा घामाघूम होऊन परत येतो, केळी उचलतो आणि घरी नेतो.

फादर बदलले, हे बदललं नाही. एका नव्या फादरांना वाटलं, आपलं प्रवचन लांबतंय. पुढच्या रविवारी त्यांनी ते निम्म्यावर आणलं. बस्त्याव तरीही उठला, फक्त लवकर उठला. बाकीच्या गावाने मात्र त्याचे मनातल्या मनात आभार मानले.

आता, अर्पणाच्या वेळीच दानाची झोळीही फिरते. त्यामुळे आमच्या सांडोर गावात एक विनोद पसरला: झोळी दिसली की बस्त्याव पळतो आणि केळीसुद्धा देवाला न देता परत नेतो. हा विनोद माझा आहे. नाताळच्या एका कार्यक्रमात मी छत्री काखेत मारून त्याची नक्कलही केली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. परवा एका बाप्तिस्म्याच्या जेवणात एक तरुण माझ्या शेजारी बसून हाच विनोद मलाच सांगत होता. त्याच्या लेखी तो विनोद नव्हता, माहिती होती. "फार चिकट माणूस आहे म्हणतात," तो म्हणाला. माझा घास तोंडातच राहिला. माझं वय झालंय. माझा विनोद मागे राहावा आणि खरी गोष्ट माझ्याबरोबर मातीत जावी, हे मला चालणार नाही. म्हणून लिहायला बसलो आहे आणि सगळं सांगून झाल्याशिवाय उठणार नाही.

घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. भांडणांची मजा त्यात थोडी कमी होते, त्याला इलाज नाही.

बस्त्याव आणि मी शेजारी. मी नोकरीत गेलो, तो वाडीत राहिला. केळी, पडवळ, दुधी, अळू हा त्याचा संसार. आणि दुसरा संसार पवित्र शास्त्राचा. आपण सगळेच शास्त्र ऐकतो. ऐकून घरी येतो आणि आपल्याला झेपेल तेवढं पाळतो. बस्त्याव ऐकतो ते सरळ कामाला लावतो, बाजारातून आणलेला कोयता लावावा तसा. कोणी म्हणालं, "अरे, हे दृष्टान्तापुरतं आहे," की त्याचं उत्तर ठरलेलं: "शास्त्रात सवलत नाही."

शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, असं जुन्या करारात आहे. बस्त्यावने वाडीच्या रस्त्याकडच्या ओळी सोडून दिल्या. पूर्वी त्यातलं कोणी फारसं काही घेत नसे. आता आजूबाजूला इमारती झाल्या आणि बायका पिशव्या घेऊनच फिरायला येऊ लागल्या. एकदा एक बाई कुंपणावरून ओरडली, "काका, कालची भेंडी जून निघाली हो! थोडी कोवळी ठेवा ना." मी म्हटलं, आता हा चिडणार. तर हा हात जोडून म्हणाला, "चुकलो, बाय. उद्या बघतो." आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरंच आतली कोवळी भेंडी तोडून कुंपणावर ठेवली. मी विचारलं, "अरे, त्या बाईची गाडी पाहिलीस का? ती गरीब आहे का?"

"परकी तर आहे?" तो म्हणाला. "मग झालं."

कोणी तुला एक मैल न्यायला लावलं तर दोन मैल जा, हेही त्याने वाऱ्यावर सोडलं नाही. एकदा गाडीतून आलेल्या एका कुटुंबाने त्याला आगाशीचा रस्ता विचारला. सांगून कळणार नाही म्हणून हा स्वतःच गाडीत बसला. आगाशी आली. बाजार आला. त्यांना हवं असलेलं देऊळ आलं. गाडीवाला म्हणाला, "काका, पोहोचलो, धन्यवाद."

"अजून तेवढंच जायचंय," बस्त्याव म्हणाला.

"कुठे?"

"कुठेही. पुढे."

त्या माणसाने घाबरून बायकोकडे पाहिलं. बायकोने पोरांना जवळ ओढलं. आपल्याला कुठेतरी नेऊन लुटणार अशी त्यांची खात्री झाली. बस्त्यावने त्यांना अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत नेलं, समुद्र दाखवला आणि उतरला. तिथून दोन बस बदलून घरी आला तेव्हा त्याची बायको फिलू जेवण झाकून बसली होती. ती म्हणाली, "त्यांना लांबच्या लांब सोडून आलात. येतानाचे मैल कोणाच्या नावावर लावायचे?" बस्त्याव खरंच विचारात पडला. म्हणाला, "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

फिलूबद्दल सांगायला हवं. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असं आहे. बस्त्याव ते पाळतो, आणि फिलूला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. त्यामुळे ती भांडण कधीही सकाळी काढत नाही. दुपारभर तोंडातून ब्र काढत नाही. उन्हं कलली, की पदर खोचून अंगणात येते. "त्या पत्र्याचं काय झालं? किती वेळा सांगायचं?" बस्त्याव एकदा तिच्याकडे बघतो, एकदा पश्चिमेकडे बघतो आणि म्हणतो, "बरं, उद्या घालतो पत्रा." थंडीत सूर्य लवकर मावळतो, तेव्हा तिचं फारच फावतं. तिने मला एकदा हसत सांगितलं होतं, "घरातला फ्रिज, मिक्सर आणि न्हाणीची फरशी, सगळं डिसेंबरातलं आहे."

असा हा माणूस. आता त्या उठण्याची गोष्ट.

बस्त्यावला एक धाकटी बहीण, मारी. उमेळ्याला दिलेली. दोघं लहान असताना वडील गेले, त्यामुळे आई वाडीत आणि ही दोघं एकमेकांच्या राखणीला. मारीच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नात नवरीच्या मामाचा मान मोठा. त्याला रस्त्यावरून बेंडबाजा लावून आणायचं, मांडवात अगदी पुढे बसवायचं, पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवायचं. त्याने घास घेतला की पंगत बसायची. मारीने भावासाठी नवा कोट शिवून घेतला होता.

आणि बस्त्यावला नेमकं ते वचन आठवलं: लग्नाला बोलावलं तर मुख्य जागेवर जाऊन बसू नकोस. सगळ्यात खालच्या जागी बस, म्हणजे यजमान येऊन म्हणेल, मित्रा, वर येऊन बस.

तो नवा कोट घालून मागच्या वाटेने मांडवात शिरला. कनातीच्या पलीकडे ताटं घासायची जागा होती. तिथे एका पालथ्या टोपावर जाऊन बसला आणि यजमानाची वाट बघू लागला.

इकडे बेंडवाले रस्त्यावर मामाची वाट बघत दोनदा तीच धून वाजवून दमले. मामा नाही. पंगत खोळंबली. शेवटी लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला, "नवरीचे मामा बस्त्याव जिथे असतील तिथून त्यांनी मांडवात यावं." बस्त्यावने तो ऐकला. मी पुढे त्याला विचारलं होतं, "मग उठलास का नाहीस?" तो म्हणाला, "यजमान स्वतः येतो असं आहे. लाऊडस्पीकरवाला यजमान नव्हता."

नवऱ्याकडच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. "मामा रुसलाय वाटतं." "आतून काहीतरी भानगड असणार." "सख्खा मामा येत नाही म्हणजे बघा." मारी हसतमुखाने सगळ्यांना सांगत होती, येतोय, निघालाय, पोहोचेल. शेवटी मारीच्या दिराने मामाच्या ताटाला हात लावला, पंगत बसली आणि उठलीही. खरकटी ताटं मागे गेली तेव्हा घासणाऱ्या बाईला कोट घातलेला माणूस दिसला. "ओ, तुमी मामा ना नवरीचे? हितं पान्यात काय बसलाव?"

"मी इथे बरा आहे, बाय," बस्त्याव म्हणाला.

तिनेच जाऊन मारीला बोलावून आणलं. मारी कनात सारून उभी राहिली. कोटाच्या बाह्यांवर राख आणि पाणी उडालं होतं. बस्त्याव तिच्याकडे बघून हसला. अखेर यजमान आला होता ना!

"तू नम्र झालास," मारी म्हणाली. "आणि मी चारचौघांत उघडी पडले."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

आणि इथून पुढे बस्त्यावच्या रविवारांची घडी बदलली. कारण शास्त्रात असंही आहे, की तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. बहीणही त्यात आलीच. म्हणून तो केळी ठेवून उठतो. म्हणून उमेळ्याला जातो. आणि समेट होत नाही म्हणून केळी परत नेतो. झोळीत टाकायचं ते पाकीट त्याच्या खिशात असतं, तेही परत नेतो आणि सोमवारी पेठेतल्या आंधळ्या बेंजोवाल्याला देतो. ही माहिती मला उशिरा मिळाली, माझा विनोद गावभर फिरून आल्यावर.

मी एकदा त्याला म्हटलं, "मारी रागावलीय हे तुला शनिवारीही माहीत असतं. मग घरूनच जा की उमेळ्याला. मिस्सेतून उठायचं नाटक कशाला?"

तो म्हणाला, "वेदीपाशी आठवलं तर, असं आहे. आधी वेदीपाशी यायला नको?"

पूर्वी सायकलने जायचा. मारी तेव्हा जुन्या घरात राहायची, पुढे चिंचेचं झाड, मागे वाडी. हा अंगणात उभा राहून हाक मारायचा, "मारी, चुकलो गं." ती स्वयंपाकघरात मिक्सर लावायची. तिच्या सुनेने मला सांगितलंय, मिक्सरमध्ये काही नसायचं. रिकामाच फिरवायची. तो थांबला की पुन्हा "मारी!" पुन्हा मिक्सर. असं थोडा वेळ चालायचं आणि मग हा सायकलवर टांग टाकून परत. पुढे उमेळ्यातली वाडी गेली, तिथे इमारत आली, मारी मुलासुनेबरोबर वरच्या मजल्यावर राहायला गेली. बस्त्यावची सायकल सुटली, तो रिक्षाने जाऊ लागला. पण जायचं चुकलं नाही.

त्याला काय हवंय, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मरायच्या आधी एकदा त्याला वेदीपाशी अर्पण ठेवायचं होतं आणि मिस्सेच्या शेवटी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायचं होतं. इतकी वर्षं त्याने ते घेतलं नव्हतं. फादरांनी समजावलं, "बस्त्यावकाका, तुमच्या मनात समेटाची इच्छा आहे, तेवढं पुरे. कन्फेशन करा आणि या." बस्त्याव म्हणाला, "फादर, तुम्ही फार चांगले आहात. पण मारीने कुठे माफ केलंय?"

मग मारीची आठवण जायला लागली.

आधी चष्मा, मग दिवस, मग माणसं. नवऱ्याचं नाव गेलं, नातवंडांची नावं गेली. आणि एका रविवारी बस्त्यावने बेल वाजवली तर तिने स्वतः दार उघडलं. "बस्त्या! आलास?" असं म्हणून त्याचा हात धरून त्याला आत नेलं. लग्नाची गोष्ट तिच्या डोक्यातून पुसून गेली होती.

गावाला आनंद झाला. मी त्याच्या घरी जाऊन म्हटलं, "सुटलास बाबा. येत्या रविवारी शेवटपर्यंत बस." फिलूने गोड केलं होतं. बस्त्यावने वाटीला हात लावला नाही.

"विसरली म्हणजे माफ केलं असं नाही," तो म्हणाला. "तिला आठवून द्यायला हवं. मग तिने माफ करायला हवं."

फिलूने कपाळाला हात लावला. "इनासभावजी, तुम्हीच सांगा यांना. देवाने दार उघडलं, तर हे आतून कडी लावतायत."

त्याने ऐकलं नाही. दर रविवारी तो जायचा, मारी आनंदाने दार उघडायची, शेजारी बसवायची, आणि हा तिला सगळं सांगायचा. मांडव, बेंड, टोप, लाऊडस्पीकर. अगदी प्रामाणिकपणे, काही न गाळता. मारीला ते प्रत्येक वेळी नवंच. "माझ्या पोरीच्या लग्नात? सगळ्यांसमोर?" ती रडायची, ओरडायची, त्याला बाहेर काढायची. पुढच्या रविवारी पुन्हा, "बस्त्या! आलास?"

तिच्या सुनेचा मला फोन आला. "इनासमामा, बस्त्यावमामांना समजवा ना. आई आठवडाभर त्यांची वाट बघतात आणि रविवारी दिवसभर रडतात. रडायचं कारण जेवायच्या आत विसरतात, पण रडू थांबत नाही. घास तोंडात घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर अंगात काही उरणार नाही."

त्या रविवारी तो उठला तेव्हा मीही उठलो. लोक बघत राहिले. रिक्षात बसल्या बसल्या मी सुरुवात केली.

"बस्त्याव, आज काही सांगू नकोस तिला."

"मग जायचं कशाला?"

"बस. चहा पी. ये."

"म्हणजे तिला फसवू? ती मला प्रेमाने बसवते ते तिला माहीत नाही म्हणून. मी तिचा चोर आहे, इनास. चोराने चहा पिऊन यायचं?"

"ती जेवत नाही रे नंतर."

हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सुनेला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं तिने. तो छत्रीच्या मुठीकडे बघत होता. मग म्हणाला, "पण मला तेवढंच हवंय, इनास. दुसरं मी काय मागितलं?"

मारीने दार उघडलं. केस पांढरे, अंगावर फुलाफुलांचा गाऊन, चेहरा मात्र शाळेतल्या मुलीचा. "बस्त्या! आलास?" माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. त्याला खाटेवर बसवून त्याच्या अगदी जवळ बसली. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात कलथा तसाच.

"मारी," बस्त्याव म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. मी चुकलोय. तुझा मोठा अपराध केलाय मी."

सुनेने डोळे मिटून घेतले.

"काय केलंस?" मारीने आवाज एकदम हळू केला. दाराकडे पाहिलं. मग त्याच्या कानाशी गेली. "आईचं मडकं फोडलंस?"

बस्त्यावने तिच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. मांडव, बेंड, टोप, सगळं ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं. मी इतकी वर्षं त्याला ओळखतो. या माणसाने कधी खोटं सांगितलेलं मला आठवत नाही. फायद्यासाठी नाही, गमतीसाठीही नाही.

"हो," तो म्हणाला. "मडकं फोडलं."

"मोठं?"

"मोठं. पाण्याचं."

मारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. टक्कल पडलेल्या त्या डोक्यावरून पुढून मागे, पुन्हा पुढून मागे.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "मी आईला सांगेन, माझ्या हातून फुटलं."

बस्त्यावने मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली. मारी त्याच्या पाठीवर थोपटत होती. सून आत गेली. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाड्या बघत राहिलो.

खाली आल्यावर आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. मी विचारलं, "मग आता? खरं कधी सांगणार?"

"नाही सांगणार."

"आणि अर्पण? कम्युनियन?"

वरच्या मजल्यावरून कुकरची शिट्टी ऐकू आली. बस्त्यावने मान वर करून त्या खिडकीकडे पाहिलं.

"आज जेवेल ती," तो म्हणाला.